डिफ्रेन्सलचं काम झालं, आता शाफ्ट बसवताना

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून वाशीला जाणारी एक पिकअप माझ्याकडे आली, तेव्हा तिचं डिफ्रेन्सल, म्हणजे मागच्या एक्सलमधला चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा गोळा, पंधरा दिवसांत दोनदा उघडून झालं होतं. क्राऊन-पिनियन (आतली दातांची मुख्य जोडी) नवं, बेअरिंगं नवी, सील नवं. तरी साठच्या पुढे गेली की पायाखालचा पत्रा झिणझिणायचा आणि आरसा एवढा थरथरायचा की मागची गाडी नीट दिसायची नाही. ड्रायव्हरने उतरताच विचारलं, "मिस्तरी, पुन्हा डिफ्रेन्सलच का?"

गाडीखाली गेलो, बॅटरी मारली आणि दोष दिसला. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून डिफ्रेन्सलपर्यंत ताकद नेणारी नळी. तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचे कान, म्हणजे जोड धरणारे दोन-दोन फाटे, एका रेषेत नव्हते. सरकता जोड (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातांचा भाग) बाहेर निघाला होता आणि परत घालताना कुणीतरी तो दातांवर पाव फेरा फिरवून घातला होता. शाफ्ट काढला, कान जुळवले, परत बसवला. तासाभराचं काम. डिफ्रेन्सलला हातही लावावा लागला नाही.

ते दोन वेळचे पैसे त्या माणसाचे वाया गेले. माझ्या अनुभवात डिफ्रेन्सल उघडल्यावर येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच अशाच असतात. आतलं काम नीट झालेलं असतं. शेवटचे चार बोल्ट म्हणून शाफ्ट घाईत लावलेला असतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. हे सगळं मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांबद्दल आहे: बोलेरो, पिकअप, सुमो, जुन्या जीप. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींचं गणित वेगळं, ते यात नाही.

गाडी पळणार नाही ना, हे आधी

शाफ्ट सुटला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकलेली असली तरी तिला काही धरून ठेवत नाही. त्यातच डिफ्रेन्सलसाठी मागचे एक्सल ओढलेले असतात, ड्रम उघडलेले असतात, म्हणजे हँडब्रेकही गेला. काही जुन्या गाड्यांना तर हँडब्रेक शाफ्टवरच असतो. शाफ्ट सुटताच तोही निकामी. थोड्याशा उताराला अशी गाडी आवाज न करता सुटते, आणि खाली माणूस असतो.

त्यामुळे काम सपाट, पक्क्या जागेवर करा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून असे लाकडी ठोकळे लावा. मागची बाजू जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, त्या एक्सलखाली किंवा चासीखाली घट्ट बसल्यात का हे गाडी हाताने हलवून बघा, मगच आत शिरा. घाटात रस्त्याच्या कडेला शाफ्ट सोडायची वेळ आली तर शक्यतो सोडूच नका, गाडी ओढून न्या.

काढतानाच बसवायची तयारी

नीट बसवण्याची सुरुवात काढतानाच होते. बोल्टला पाना लावण्याआधी तारेच्या ब्रशने दोन्ही फ्लँज (बोल्टने एकमेकांना जोडलेल्या चकत्या) घासा आणि डिफ्रेन्सलचा फ्लँज व शाफ्टचा फ्लँज यांवर समोरासमोर खूण करा. खडूची खूण नको, ती ग्रीसच्या हाताने पुसते. पांढरा रंग लावा किंवा पंचाचा एकेक ठिपका मारा. पुढच्या टोकाला दोन ठिपके मारलेत तर कोणती खूण कुठली हा प्रश्न उरत नाही. सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर एक सरळ रेघ ओढा. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या जोडावरही.

एवढी काळजी कशासाठी? कंपनीत शाफ्ट बॅलन्स करून येतो. नळीवर वेल्डिंगने लावलेले पत्र्याचे छोटे चौकोनी तुकडे दिसतात, ती त्याचीच वजनं. फ्लँजमध्येही केसाएवढा तिरकेपणा असतो आणि कित्येकदा शाफ्टची जड बाजू आणि फ्लँजचा तिरकेपणा एकमेकांना सांभाळून घेतील अशी जोडी लावलेली असते. बोल्टांची भोकं सारखी असली म्हणजे कुठल्याही भोकात चालतं असं नाही.

शाफ्ट काढल्यावर एका टोकाने लोंबकळत ठेवू नका. सगळं वजन एका क्रॉसवर (टोकाच्या जोडातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) येतं, योक (तो क्रॉस धरणारा कानांचा तुकडा) हद्दीपलीकडे वाकतो आणि कपाला (क्रॉसच्या टोकावरची, आत सुया असलेली टोपी) मार बसतो. पूर्ण काढून बाजूला आडवा ठेवा. जमत नसेल तर तारेने चासीला सरळ बांधा. क्रॉसचे सुटे कप चिकटपट्टीने जागेवर बांधून ठेवा. एक कप मातीत पडला की त्यातल्या सुया शोधत बसावं लागतं, आणि एक सुई कमी असलेला कप परत घालायचा नसतो.

खुणा न करता काढलेला शाफ्ट तुमच्या हातात आला असेल, तर जुन्या रंगाचे ठिपके शोधा. तेही नसतील तर पुढे सांगतो तसं एकेक जागा बदलून बघावी लागेल.

बसवण्याआधी डिफ्रेन्सलकडून काय पाहून घ्यायचं

डिफ्रेन्सल दुसऱ्याने बांधलेलं असेल तर शाफ्ट लावण्याआधी पाच मिनिटं त्याला द्या. फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. या दोन दिशांना शून्य हालचाल हवी. गोल फिरवताना मात्र किंचित मोकळीक लागते. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये साधारण ०.१३ ते ०.२० मिलिमीटर जागा ठेवलेली असते. मग फ्लँज हळूहळू फिरवा. सारख्या हलक्या जडपणाने फिरला पाहिजे, कुठे अडकता कामा नये.

हा जडपणा पिनियनच्या मोठ्या नटावर ठरतो, आणि इथे एक चूक फार वेळा होते. बऱ्याच हौसिंगमध्ये, म्हणजे डिफ्रेन्सलच्या बाहेरच्या कवचात, दोन पिनियन बेअरिंगच्या मध्ये दबणारी बाही असते. नट आवळला की ती ठरावीक प्रमाणात चेपते आणि बेअरिंगवर हवा तेवढा दाब येतो. "थोडा अजून घट्ट करू" म्हणून कुणी शेवटी त्यावर नट आवळायची गन चालवली की बाही जास्त चेपते. मग नट सैल करून भागत नाही, कारण चेपलेली बाही परत फुगत नाही. नवीच घालावी लागते. शाफ्ट लावणाऱ्याने त्या नटाला हात लावू नये. फक्त सील बदलायचं असेल तर नट आणि दांडा यांवर आधी खूण करा, किती आटे बाहेर दिसतात ते मोजा आणि बरोबर त्याच जागी परत आणा.

फ्लँजच्या नळकांड्यावर, जिथे सीलची ओठी टेकते तिथे, नखाला लागेल अशी खाच असेल तर नवं सीलही गळणार. सील लावताना ओठीला गिअर ऑइलचं बोट फिरवा. कोरडं सील पहिल्या काही किलोमीटरमध्येच जळतं.

एक्सल परत गेलेले असतील, तर फ्लँज स्थिर धरून एक चाक फिरवा. साध्या डिफ्रेन्सलमध्ये दुसरं चाक उलट दिशेला फिरतं. तसं झालं म्हणजे आतले छोटे गिअर आणि दोन्ही एक्सल आपापल्या जागी आहेत.

पाट्यांखालची पाचर

पूर्ण हौसिंग गाडीखालून काढलं असेल तर पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), ते एक्सलला धरणारे यू-बोल्ट आणि पाचर यांकडे बघा. काही गाड्यांमध्ये पाटा आणि एक्सल यांच्या मध्ये निमुळती लोखंडी पट्टी असते. दिसायला क्षुल्लक, पण तिच्यामुळे पिनियनचं तोंड किती वर-खाली राहायचं ते ठरतं. उलटी लावली किंवा विसरली तर पिनियनचा कोन बदलतो, आणि मग शाफ्ट कितीही नीट बसवा, थरथर जात नाही. पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात बसलंय ना, तेही पाहा. यू-बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे आवळा, आणि शेवटचा ताण गाडी चाकांवर उतरवल्यावर द्या.

क्रॉस, सरकता जोड, मधलं बेअरिंग

शाफ्ट बाकावर आडवा ठेवा. प्रत्येक योक दोन्ही दिशांना हलवा. क्रॉस किंचित जड पण सारखा फिरला पाहिजे. एका ठिकाणी "खट्" करून बसत असेल तर सुयांनी क्रॉसवर खाचा पाडल्यात, तो बदला. कपाच्या कडेला तांबूस पूड दिसली तरी बदला. ती ग्रीस संपल्यावर गंजून झिजलेल्या लोखंडाची असते.

नवा क्रॉस घालताना कपातल्या सुया ग्रीसमध्ये उभ्या चिकटवा, कप सरळ आत दाबा. व्हाइसमध्ये दाबलेलं बरं, हातोड्याने तिरका जातो. एखादी सुई आडवी पडली तर कप पूर्ण आत जात नाही आणि लॉक (कप अडवून धरणारी कडी) खाचेत बसत नाही. अशा वेळी जोर लावू नका, कप बाहेर काढा. लॉक बसल्यावर योकच्या कानांवर प्लास्टिकच्या हातोडीने हलका टोला द्या. त्याने कप बाहेरच्या बाजूला लॉकला टेकतात आणि जखडलेला क्रॉस मोकळा होतो. ग्रीसचं निपल शाफ्ट गाडीखाली लागल्यावर ग्रीस-गन पोहोचेल अशा बाजूला हवं. ग्रीस चारही कपांच्या कडेने डोकावेपर्यंत भरा. तीनकडून आलं आणि चौथ्याकडून नाही, तर योक त्या बाजूला दाबून पुन्हा भरा. कोरडा राहिलेला तो एकच कप पूर्ण क्रॉस खाऊन टाकतो.

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट. एका तुकड्याच्या शाफ्टला दोन्ही टोकांच्या योकचे कान एका पातळीत हवेत. कारण असं: क्रॉसचा जोड कोनात फिरत असताना त्याचा वेग एकसारखा राहत नाही. एका फेऱ्यात दोनदा तो किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. १० अंशांच्या कोनात हा फरक दोन्हीकडे सुमारे दीड टक्का असतो, २० अंशांत सहा टक्क्यांच्या वर जातो. दोन्ही टोकांचे कान एका रेषेत असले आणि दोन्ही जोडांचे कोन सारखे असले की पुढच्या जोडाने केलेली खोड मागचा जोड भरून काढतो. कान पाव फेरा फिरले की भरून निघण्याऐवजी दोन्ही खोडी एकत्र होतात. त्या पिकअपला नेमकं हेच झालं होतं.

बऱ्याच शाफ्टवर सरकत्या जोडाला बाणाच्या खुणा असतात, काहींना एक दात मुद्दाम वगळलेला असतो म्हणजे चुकीचा बसूच नये. खूण नसेल तर शाफ्ट सपाट फरशीवर ठेवून दोन्ही टोकांच्या कानांची रेषा डोळ्यांनी जुळवा. एका दाताचा फरकही दिसतो. दोन तुकड्यांच्या शाफ्टचा हिशेब मात्र नजरेने करू नका, तिथे कंपनीच्या खुणेवरच जा.

सरकत्या जोडाचे दात स्वच्छ पुसून ग्रीस लावा. जोड पूर्ण आत ढकला, खूण करा, आणि शाफ्ट लागून गाडी चाकांवर उभी राहिल्यावर तो त्या खुणेपासून किती बाहेर आहे ते मोजा. साधारण २० ते २५ मिलिमीटर आत जायला जागा शिल्लक असावी. खड्ड्यात पाटा दबतो तेव्हा शाफ्ट आत सरकतो. जागाच नसेल तर तो गिअरबॉक्सच्या बेअरिंगला आणि पिनियनला ठोसे देतो. वेगळ्या हौसिंगमधून आणलेला किंवा लांबी बदललेला शाफ्ट असेल तर हे माप घेतल्याशिवाय गाडी सोडू नका.

नळीकडेही बघा. पोचा असेल, वजनाचा तुकडा उडालेला असेल, किंवा जुन्या वजनाच्या जागी वेल्डिंगचा नुसता डाग राहिला असेल, तर शाफ्ट लेथवाल्याकडे बॅलन्सिंगला पाठवा. वाळलेल्या चिखलाचा थरही बॅलन्स बिघडवतो, तोही खरवडा.

लावायचा क्रम

दोन्ही फ्लँजची तोंडं तारेने घासा, मग पॉलिश पेपरने. रंगाचा पापुद्रा किंवा पंचाने उठलेला कंगोरा राहिला तर फ्लँज तिरका बसतो, आणि एवढासा तिरकेपणा शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कितीतरी मोठा होतो. कंगोरे सपाट कानशीने काढा.

आधी पुढचं टोक. शाफ्ट गिअरबॉक्समध्ये थेट घुसणारा असेल तर सीलला ऑइल लावून सरळ आत सरकवा. खाली झोपून एकट्याने हे करताना मागचं टोक कुणाला तरी धरायला सांगा. माझा नियम आहे की शाफ्ट उचलायला दोन माणसं. मग मागचा फ्लँज, खुणेला खूण लावून. चारही बोल्ट आधी हाताने आटे धरेपर्यंत घाला. फ्लँजला मधोमध बसवणारी कडा असेल तर ती खाचेत पूर्ण गेलीये आणि दोन तोंडांत फट नाही हे बघा. बोल्टने ओढून फट बंद करू नका.

बोल्टबद्दल आग्रहाने सांगतो. फ्लँजचे बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातले घ्यायचे नाहीत. त्यांच्या डोक्यावर १०.९ सारखा आकडा असतो, भोकात बसणारी गोल मान नेमक्या मापाची असते आणि सगळा ताण तिच्यावर असतो. नट स्वतःच घट्ट राहणारे असतील तर एकदा काढल्यावर नवे घाला, चार नटांना किती पैसे लागतात! बोल्टचं डोकं ज्या बाजूला होतं त्याच बाजूला ठेवा.

समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळा, शेवटी टॉर्क पान्याने. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, १० मिलिमीटरच्या १०.९ दर्जाच्या कोरड्या बोल्टचा सर्वसाधारण ताण ६५ ते ७० न्यूटन मीटर असतो. आट्यांना तेल असेल तर तेवढ्याच ताणात बोल्ट जास्त ओढला जातो, म्हणून आटे पुसून घ्या. टॉर्क झाल्यावर प्रत्येक नटावर रंगाची बारीक रेघ मारा. पुढे सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते.

दोन तुकड्यांच्या शाफ्टला मध्ये धरणारं बेअरिंग असेल तर त्याचे बोल्ट सगळ्यात शेवटी. आधी ते सैल ठेवा, शाफ्टची दोन्ही टोकं घट्ट करा, शाफ्ट हाताने दोन-तीन फेरे फिरवा आणि रबर पिळलेलं किंवा एका बाजूला दबलेलं नाही असं पाहून मग घट्ट करा.

कोन

हौसिंग निघालं असेल किंवा पाट्यांचं काम झालं असेल तर कोन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाडी चाकांवर, सपाट जागेवर, नेहमीच्या वजनाने उभी करा. मोबाइलमधलं कोनमापक चालतं, सरळ पट्टीला धरून. गिअरबॉक्सचा, शाफ्टचा आणि पिनियनचा असे तीन कोन लिहून घ्या. समजा गिअरबॉक्स मागे ३ अंश खाली झुकलाय, शाफ्ट ७ अंश, आणि पिनियनचा दांडा गिअरबॉक्सला समांतर, ३ अंशच. मग दोन्ही जोडांवर ४-४ अंश पडतात, बरोबर. दोन जोडांच्या कोनांत एका अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पाचर तपासा. कोन अगदी शून्यही नको. जोड थोडा हलला नाही तर सुया एकाच जागी आपटून खाचा पाडतात.

ऑइल, आणि मग किल्ली

भरायचं बूच आधी उघडा, ऑइल काढायचं नंतर. भरायचं बूच जाम आहे हे ऑइल काढल्यावर कळलं तर रिकाम्या हौसिंगची गाडी हलवता येत नाही. जीएल-५ दर्जाचं, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं, सहसा ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४०, भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. हौसिंगवरचा श्वास घ्यायचा नळ मातीने बंद असेल तर मोकळा करा. तो बंद राहिला की आत दाब वाढतो आणि नव्या सीलमधून ऑइल बाहेर येतं. दोष मग सीलला लागतो.

चाचणी करताना एकच चाक उचलून इंजिन चालू करू नका. उचलायची तर दोन्ही मागची चाकं, घोड्या एक्सलखाली, आणि वेग कमी. चासीखाली घोडी लावली तर एक्सल लोंबकळतो, शाफ्टचे कोन बिघडतात आणि नसलेली थरथर जाणवते.

रस्त्यावर काय ऐकायचं

२१५/७५ आर १५ मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जातो. ताशी ८० ला तो मिनिटाला साधारण ६०० फेरे मारतो, आणि डिफ्रेन्सलचं प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) चारच्या आसपास असलं तर शाफ्ट २,४०० च्या आसपास. म्हणजे चाकाचा दोष सेकंदाला दहा वेळा जाणवतो, सावकाश थडथड म्हणून, आणि शाफ्टचा चाळीस वेळा, पायाखालच्या गुणगुणीसारखा. क्रॉसच्या कोनाचा दोष त्याच्याही दुप्पट बारीक. एकदा कानाला सवय लागली की गाडीखाली जायच्या आधीच निम्मं कळतं.

वेगाबरोबर वाढणारी आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी राहणारी थरथर बॅलन्स किंवा फ्लँजची. ओढताना येते, सोडल्यावर बदलते, ती बहुधा कोनाची. गाडी जागेवरून निघताना एकदाच "टण" येतो तो झिजलेल्या क्रॉसचा किंवा सैल बोल्टचा, लगेच थांबा. लांबच लांब गाण्यासारखा आवाज दातांचा असतो, त्याला शाफ्ट जबाबदार नाही.

खुणा नव्हत्या आणि थरथर आहे, तर मागचे बोल्ट काढून फ्लँज अर्धा फेरा फिरवा, लावा, पुन्हा त्याच रस्त्यावर त्याच वेगात चालवा. भोकं परवानगी देत असतील तर पाव फेराही बघा. सगळ्यात शांत जागी पक्की खूण करा.

पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर थांबून हौसिंगला हात लावा. गरम लागेल, पण हात ठेवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर पिनियनचा दाब जास्त आहे, गाडी पुढे नेऊ नका. नवं क्राऊन-पिनियन असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या आणि पहिले आठशे किलोमीटर पूर्ण माल भरून घाट चढवू नका. त्या पिकअपवाल्याला मी हेच सांगितलं. तेवढे दिवस त्याने निम्मा माल नेला, आठशेला ऑइल बदलून घेतलं, आणि त्याच वेळी नटांवरच्या रेघा आणि यू-बोल्ट मी पुन्हा तपासून दिले.